मफलर अजून रंग सोडतो

३ जून, मंगळवार

भिंगरी,

सगळ्यात आधी आला तो फुलांचा गुच्छ. म्हणजे त्याच्यामागे माणूस होता, पण दुकानाच्या दारातून आधी फुलंच घुसली, आणि एवढी, की मला वाटलं कुणीतरी गेलंय आणि हे लोक दार चुकलेत. मी म्हटलं, "अहो, इथे सगळे जिवंत आहेत, पुढे विचारा." तर फुलांच्या आतून आवाज आला, "आजीबाई, मी! क्लबाचा!" जावई निघाला तो. आपल्या साहेबांचा जावई रे. क्लबाचा कारभार म्हणे आता तोच बघतो. सासऱ्याच्या मागे दोन पावलं चालून चालून मान कायमची एका बाजूला गेलीय बिचाऱ्याची.

आणि त्याच्यामागून कोण? खुद्द साहेब! हातात काठी, अंगात कोट, आणि त्या कोटाला इस्त्री कुणी केली होती देव जाणे, कॉलरवर दोन दोन घड्या. अठरा वर्षांनी त्या माणसाने माझ्या उंबऱ्यात पाय ठेवला. मी हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. मुद्दामच. इस्त्री हातात असली की माणसं नीट बोलतात.

बसायला दिली ती खुर्ची, जिचा मागचा पाय आखूड आहे. चांगलीही होती एक, पण तिच्यावर मांजर झोपलं होतं, आणि मांजराने माझं काही वाकडं केलेलं नाही.

मग साहेब डुलत डुलत बोलायला लागले. बोलणं नव्हे, खुर्चीच डुलत होती. "आजी, तुमच्या नातवाने आमच्या क्लबाचं नाव काढलं." पूर्वी 'ए बाई' होते मी, आता आजी झाले. म्हणाले, क्लब पहिल्यांदाच वरच्या गटात चढलाय, नवी गॅलरी बांधलीय, आता भिंगरीने घरी यावं. छत्तिसावं लागलं त्याला. जिथे पहिला गोल मारला तिथेच शेवटचा हंगाम खेळावा, सगळं गाव उभं राहून निरोप देईल. जावई म्हणाला, "ते आमचा फोन उचलत नाहीत. पण तुमचा शब्द ते मोडत नाहीत ना!" भिंगरी, हे खरं असतं तर तू शाळा पुरी केली असतीस.

मी म्हटलं, "विचारून सांगते." चहा विचारला नाही. पुढच्या वेळी येऊ म्हणून गेले. फुलं मी वरच्या मास्तरणीला दिली, तिला शिंका येतात तरी घेतली तिने.

आता मास्तरीण सांगते की पेपरात आलंय, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा क्लबाने तुला बोलावलंय, आणि तिथे तुझ्यासारख्या उतरणीच्या खेळाडूंना नुसतं नाहू-माखू घालतात. खरं का रे? खरं असेल तर जा. चंद्रावर क्लब निघाला असेल तर तिथे जा. पण ह्या माणसासाठी एक चेंडूसुद्धा लाथाडू नकोस. बावीस वर्षं मी त्यांच्या जर्सी धुतल्या. एकदा, एकदाच, अंतिम सामन्याला पांढऱ्याच्या गुलाबी निघाल्या, संघ हरला, आणि त्या माणसाने मला मागच्या आवारात साबणाच्या खोक्यावर उभं केलं. सगळ्या संघासमोर. "सांग यांना, कुणामुळे हरलो?" मी म्हटलं, "माझ्यामुळे." ते खोकं मी येताना उचलून आणलं. अजून आहे. त्यावर चिमट्यांची टोपली ठेवते.

आणि तुझे शेवटच्या सामन्याचे कपडे अजून कसे आले नाहीत? न धुता पाठव. दरवर्षी मीच धुते, यंदा काय नवीन? फोन करू नकोस, फोनवरचं मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मास्तरीण ऐकते.

आशीर्वाद आहेतच.

तुझी आजी


७ जून, शनिवार

आजी,

पत्र मिळालं. साहेब त्या खुर्चीत डुलतायत हे डोळ्यांसमोर आलं आणि सरावात एकटाच हसत सुटलो. इथल्यांना वाटलं म्हातारा खुळावला. संघात मला आता म्हाताराच म्हणतात. माझ्या शेजारी कपडे बदलणारा पोरगा मी पहिला गोल मारला तेव्हा जन्मलाही नव्हता, हे तो मला रोज सांगतो.

पेपरातलं खरं आहे. दोन वर्षांचा करार, समुद्रासमोर घर. मैदान म्हणे एवढं हिरवं की खोटं वाटावं. सव्वीस तारखेला संध्याकाळी पाचला त्यांची नोंदणी बंद होते. त्याच्या आत सही गेली तर गेली, नाहीतर मी इथेही नाही आणि तिथेही नाही, कारण इथला करार संपतोय.

पण खरं सांगू? मला घरी यावंसं वाटतं. शेवटचा सामना ओळखीच्या लोकांसमोर व्हावा. तुझ्या दुकानापासून मैदान चालत दहा मिनिटांवर. एका जुन्या मित्राने फोटो पाठवलाय, क्लबाच्या भिंतीवर माझं दोन मजली चित्र लागलंसुद्धा. मला न विचारता. राग आला, आणि बरंही वाटलं.

साहेबांचं आता सोडून दे ना. ते वागले ते वाईटच. पण चूक झाली होतीच की, आजी. पांढऱ्यात काहीतरी लाल गेलं तुझ्या हातून. बावीस वर्षांत एकदा, कुणाचंही होतं. अंतिम सामना होता, त्यांचंही डोकं फिरलं असेल. अठरा वर्षं झाली. म्हातारे झाले तेही.

कपडे वेगळ्या पिशवीतून पाठवतोय. न धुता. मी ठणठणीत आहे, गुडघाबिडघा सगळं उत्तम.

भिंगरी


११ जून, बुधवार

भिंगरी,

पिशवी परवा आली. मास्तरीण समोर होती, नाक धरून पळाली. मी मात्र टेबलावर सगळं पसरलं आणि पाहत बसले. पेपर वाचायला मला वेळ लागतो, चौथीची शाळा माझी. पण मळलेले कपडे मला घडाघड वाचता येतात. बावीस वर्षं अकरा-अकरा जणांचे वाचले. कोण भांडून आलाय, कोण घाबरून खेळलाय, कोण कडेला उभा राहून नुसता केस सावरत होता, सगळं मला सोमवारी सकाळी कळायचं, साहेबांच्याही आधी.

तर ऐक. तू लहानपणापासून डावीकडे घसरतोस. तुझ्या डाव्या मांडीवर गवताचा हिरवा पट्टा उठायचा, तो घासता घासता माझी नखं गेली. यंदा डावी बाजू कोरी. नव्वद मिनिटांत एकदाही डावीकडे पडला नाहीस. उजव्या मोज्याची टाच झिजून जाळी झालीय आणि डाव्याची दुकानातून आणल्यासारखी. वर त्या डाव्या मोज्यात, गुडघ्याशी, पट्टीच्या डिंकाचा डाग, आणि मलमाचा वास असा की मांजर दोनदा शिंकलं. म्हणे ठणठणीत! तू जगाला फसव, टीव्हीवाल्यांना फसव. धुणारणीला फसवू नकोस.

गुडघा गेलाय तुझा. कधीपासून?

आणि हे कळल्यावर माझ्या डोक्यात काय आलं सांगू? मला आनंद झाला! गुडघ्याचा नव्हे रे, तेवढी दुष्ट नाही मी. साहेब त्या दिवशी म्हणाले होते, "डॉक्टरबिक्टर काही नको, आमचाच मुलगा आहे." म्हणजे न बघता घोडा घेणार! मग मार की त्याच्या गळ्यात हा लंगडा घोडा! भिंतीवर दोन मजली चित्र आणि मैदानात एका पायाचा माणूस. बसू देत नव्या गॅलरीत डोकं धरून. दोन रात्री मी ह्या विचाराने इतकी गाढ झोपले की मास्तरणीने काठीने दार वाजवलं.

आता तू मला 'चूक झाली होतीच' असं लिहिलंस त्याबद्दल. हे मी कुणाला सांगणार नव्हते, तुला तर मुळीच नाही. पण तू त्या माणसाची बाजू घेतोस, म्हणून लिहिते.

पांढरं टाकण्याआधी मी ड्रममध्ये हात फिरवते. कोपरापर्यंत. कधी चुकले नाही, त्या दिवशीही नाही. ड्रम रिकामा होता. जर्सी टाकल्या, पाणी सोडलं, आणि मोजे वाळत घालायला आवारात गेले. आले तर मशीन फिरत होतं. जर्सी काढल्या त्या अशा, गुलाबी. आणि सगळ्यात खाली, पिळून दोरी झालेला, साहेबांचा लाल मफलर. तोच, तो शुभ शकुनाचा, सामन्याला घालायचे तो. मी बाहेर असताना येऊन स्वतः टाकून गेले होते. एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार, की लालाबरोबर पांढरं धुवत नाहीत?

मफलर मी एप्रनखाली घातला. सामना संपल्यावर आवारात त्यांना एका बाजूला बोलावून दाखवला. त्यांनी पाहिला. रंग उडाला त्यांचा, तो मात्र कशाला लागला नाही. मग हळूच म्हणाले, "तुझ्या नातवाचं नाव मोठ्या संघाच्या यादीत आहे ना? यादी अजून माझ्या खिशात आहे." झालं. मी खोक्यावर चढले आणि म्हटलं, "माझ्यामुळे."

तुझी आई गेल्यावर मी तुला जर्सींच्या टोपलीत झोपवून वाढवलं, भिंगरी. यादी खिशातच राहिली असती तर तू आज माझ्याबरोबर इस्त्री करत असतास, आणि तुला इस्त्री येत नाही. म्हणून बोलले नाही. त्या दिवशी तू कुठे होतास ते मला माहीत आहे. नळापाशी, पाठ करून. रडत होतास ना? मला तोंड दाखवायला नको म्हणून. एवढ्या गर्दीत माझं एक तरी माणूस होतं.

मफलर माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्यात उन्हात घालते, कसर लागू नये म्हणून.

लिही लवकर. आणि गुडघा शेक.

आजी


१५ जून, रविवार

आजी,

चार वेळा कागद फाडला. आता जे होईल ते.

गुडघा दीड वर्षापासून गेलाय. सकाळी जिना उतरताना मी कठडा धरून उलटा उतरतो. टोचून घेऊन खेळतो. तुला सांगितलं नाही, कारण तू घाबरशील असं वाटलं. तू घाबरली नाहीस, तू त्याचा घोडा केलास.

तो घोडा मी विकणार नाही. साहेबांना वाचवायला नव्हे. गॅलरीत लोक बसणार आहेत. माझ्या वर्गातले, दूधवाला, तुझी गिऱ्हाइकं. त्यांच्यासमोर मी बुजगावण्यासारखा उभा राहिलो तर साहेबांचं काय जाणार? हसं माझंच होईल.

पलीकडच्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्या डॉक्टरने गुडघा पाहिला, चित्रं काढली, मान हलवली. तरी त्यांचा माणूस म्हणाला, काही हरकत नाही, शेवटच्या वीस मिनिटांत मैदानात यायचं, हात हलवायचा, जमली तर तुमची ती गिरकी मारायची. आजी, त्यांना गुडघा नकोय, नाव हवंय. दुकानाच्या काचेतला पुतळा व्हायला चाललोय मी. पण पुतळा आहे हे पाहून घेतायत ते. मी फसवत नाही. म्हणून तिथेच सही करायची असं ठरवलं.

आता ते दुसरं.

मी नळापाशी होतो. पाठ करून होतो. पण रडत नव्हतो. माझ्या शेजारच्याने तुझी नक्कल केली, खोक्यावर चढतानाची, आणि आम्ही सगळे हसलो. मीही. मोठ्याने हसू येऊ नये म्हणून पाठ केली. अठरावं लागलं होतं आणि मला वाटत होतं, कुणाला कळू नये ही माझी आजी आहे. सगळ्यांना माहीत होतं, तरी.

मफलरचं माहीत नव्हतं मला. माहीत नसण्याने काही फरक पडत नाही, हेही कळतं.

आता ऐक. मी आज सही केली तर तासाभरात पेपरात येईल, आणि साहेब पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. त्यांना तुझी गरज आहे ती मी मोकळा आहे तोवरच. म्हणून मी सही थांबवलीय. सव्वीस तारखेच्या पाचपर्यंत. माझा दलाल डोक्याचे केस उपटतोय. म्हणतो, ते लोक कंटाळून दुसरा म्हातारा घेतील. घेतील तर घेऊ देत. तोपर्यंत साहेबांकडून तुला जे वसूल करायचंय ते कर.

त्या दिवशी मी नळापाशी नसेन.

भिंगरी


२० जून, शुक्रवार

भिंगरी,

तुझे दात मी तेव्हाच पाहिले होते. खोक्यावर उभं राहिलं की उंचावरून बरंच दिसतं. पाठ केलीस खरी, पण नळाच्या वरच्या खिडकीच्या काचेत तोंड दिसत होतं. मी तुला लिहिलं ना, रडत होतास ना म्हणून? ते मी विचारत होते. बघू म्हटलं, खरं बोलतोस का. आलं उत्तर. उशिरा आलं, पण आपल्या पायाने आलं, लंगड्या का होईना.

ह्याचीही शिक्षा आहे तुला, ती खाली लिहिली आहे.

घोड्याचं तू म्हणतोस ते बरोबर. दूधवाल्याने काय घोडं मारलंय माझं? रागाच्या भरात सुचतं माणसाला. आता मला त्याच्याहून चांगलं सुचलंय. आणि पुतळा होतोस म्हणून मान खाली घालू नकोस. एवढी वर्षं पळालास, आता वीस मिनिटं उभा राहा. सावली बघून राहा.

तर काल काय झालं. आधी जावई आला, ह्या वेळी पेढी उघडल्यासारखे हातात कागदच कागद. पाठोपाठ साहेब. त्यांनी आपण होऊन आखूड पायाची खुर्ची टाळली, आणि मांजराला उठवायला काठी पुढे केली. मी म्हटलं, "अंहं! चावतं." चावत नाही ते. उभे राहिले मग.

जावई घाईला आलेला. हंगामाची तिकिटं तुझ्या नावावर विकून बसलेत. "आजी, काय ते एकदा सांगा."

मी इस्त्रीच्या टेबलाचा खण उघडला, मफलर काढला, आणि चादर पसरावी तसा पसरला. साहेबांच्या हातातली काठी पडली. अगदी खरं, मीठमसाला लावत नाही. मांजर उठून बसलं.

"हा कुठे मिळाला?"

"जिथे तुम्ही टाकलात तिथे."

जावई म्हणतो, "काय आहे हे, बाबा?"

"जुनी गोष्ट आहे."

"जुनी आहे म्हणूनच नीट घडी घालून ठेवलीय," मी म्हटलं.

मग मी सांगितलं काय हवं ते. सगळं आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे अडखळले नाही. एक, त्या दिवशीच्या संघातले जे सात जण अजून गावात आहेत त्यांना घेऊन इथे यायचं. दुसरं, पेपरचा फोटोवाला. तिसरं, ह्याच खोक्यावर चढून सांगायचं की मफलर कुणी टाकला, आणि यादी कुणाच्या खिशात होती. मग माझ्या टबात, स्वतःच्या हाताने, एक पांढरी जर्सी ह्या मफलरसकट धुवायची. गुलाबी होईपर्यंत. हातमोजे मिळणार नाहीत.

साहेब म्हणाले, "फोटोवाला नको."

"मग भिंतीवरचं चित्रही नको."

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याची मान सरळ झालेली पाहिली मी. म्हणाला, "बाबा, भिंत रंगवून झालीय."

वर मास्तरणीची खुर्ची सरकली, म्हणजे ती जमिनीला कान लावायला खाली बसली असणार. शेवटी साहेबांनी विचारलं, "हे सगळं केलं, तर तो सही करेल?"

मी म्हटलं, "त्या दिवशी तो इथे असेल, आणि ह्याच टेबलावर, तुमच्या डोळ्यांदेखत सही करेल. हा माझा शब्द." कुठल्या कागदावर, ते त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू? चौथी शिकलेली बाई मी, कागदातलं मला काय कळतंय!

त्यांनी अठरा वर्षांपूर्वी मला एक यादी दाखवून बोलायला लावलं. मी त्यांना एक सही दाखवून बोलायला लावणार. माझा हिशेब एवढाच, चुकत असेल तर सांग.

तयारी झालीय. टब घासला. खोक्याला दोन खिळे मारले, साहेब जड आहेत, मोडून पडले तर लोकांना दया येईल, आणि ती मला नकोय. मफलरचा कोपरा पाण्यात बुडवून पाहिला. मेला अजून तसाच रंग सोडतो, अठरा वर्षांत काही सुधारणा नाही, मालकासारखाच.

तुझी शिक्षा ही. जर्सी पिळून झाली की ती तू घालायचीस. ओली. गुलाबी. आणि ती घालून माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा, तोंड समोर करून. मग त्याच अवतारात सही. दलालाला कागद घेऊन पावणेचारलाच बोलाव, त्याला चांगली खुर्ची देऊ. पेनही त्यालाच आणायला सांग, आमच्या घरचं गळतं. कागदाचा फोटो काढून समुद्रापलीकडे पाठवता येतो म्हणे, मास्तरीण म्हणाली.

वेळेची चिंता करू नकोस. कबुलीला दहा मिनिटं धर, बोलताना त्यांना खोकला येतो. एक जर्सी हाताने धुवायला मला वीस मिनिटं लागतात, त्यांना पस्तीस धर. तुला ओल्यात हात घालायला पाच. उरलेल्या दहा मिनिटांत सही होते. मी बावीस वर्षं सामन्याच्या शिट्टीआधी जर्सी पोचवल्यात, एकदाही उशीर झाला नाही, त्या गुलाबीही वेळेवर गेल्या होत्या.

तू मात्र आदल्या दिवशीच ये. जिना नाही आपल्याकडे, उलटं उतरायला नको.

जाताना साहेब उंबऱ्यात थांबले, टबाकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "येतो आम्ही. गुरुवारी, सव्वीस तारखेला, चार वाजता."

आजी